कामावर परतल्यावर अंगावरचे दूध: विजेचा पंप की हाताने काढणे?

प्रसूतीची रजा संपत आली आणि बाळाला पुढेही अंगावरचेच दूध द्यायचे असे ठरले, की विजेवर चालणारा ब्रेस्ट पंप घ्यावा की हातानेच दूध काढावे, हा प्रश्न बहुतेक आयांसमोर येतो. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, आणि त्याही डोंबिवलीहून मुंबईच्या फोर्ट भागात रोज लोकलने ये-जा करताना, घराबाहेर दहा-अकरा तास जात असताना. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते अशाच स्वरूपाच्या नोकरीला अधिक लागू पडेल. घराजवळ काम असलेल्या आईचा हिशेब वेगळा असू शकेल.

तिसरा मार्ग कायद्याने दिलेला आहे, त्याचा उल्लेख आधी करून टाकते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली जी दुरुस्ती झाली, तिने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले; आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही दिली. असे पाळणाघर कार्यालयालगत असेल आणि बाळाला तिथवर नेणे झेपणार असेल, तर या लेखातील दोन्ही पद्धती बाजूला ठेवून बाळाला प्रत्यक्ष पाजावे, कारण बाळ स्वतः ज्या लयीने दूध ओढते त्याची बरोबरी पंपाला किंवा हाताला सहसा साधत नाही. मात्र पाच-सहा महिन्यांच्या बाळाला सकाळच्या गर्दीत लोकलने तासभर नेणे मला योग्य वाटले नाही, आणि आमच्या भागातील बहुतेक आयांना तेच वाटत असावे.

पंपाच्या बाजूने बोलायचे तर पहिली गोष्ट वेगाची. दोन्ही बाजूंना एकाच वेळी लावता येणारा चांगला पंप असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होते, हात मोकळे राहतात आणि शिकण्यासारखे फारसे काही नसते. स्तनावर बसणाऱ्या फनेलचे माप तेवढे नीट पाहावे लागते; खोक्यात बहुधा २४ मिलिमीटरचे फनेल येते आणि ते प्रत्येकीला बसतेच असे नाही. माप मोठे असेल तर भोवतालचा काळसर भागही आत ओढला जातो, लहान असेल तर स्तनाग्र घासले जाऊन सोलवटते, आणि दोन्ही प्रकारांत दूध कमी येते. पहिल्या काही दिवसांत दूध कमी निघाले म्हणून घाबरून वरचे दूध सुरू करण्यापूर्वी हे माप एकदा तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

इतके असूनही पंपाकडून माझे मन फिरले, ते एका गोष्टीमुळे: तो धुण्यामुळे. वापरणाऱ्या बहुतेक जणी मोटारीच्या आवाजाबद्दल बोलतात, पण दार बंद केले की आवाजाचे काही वाटेनासे होते. धुण्याचे मात्र रोज वाटत राहते. फनेल, त्यामागचा जोड, रबरी झडप, पातळ पडदा, बाटली आणि तिचे झाकण, हे सगळे दोन बाजूंसाठी दुप्पट, आणि दुधाचा स्पर्श झालेला प्रत्येक भाग प्रत्येक वापरानंतर सुटा करून धुवायचा असतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: हे भाग थेट बेसिनमध्ये ठेवू नयेत, त्यांच्यासाठी वेगळे घमेले आणि वेगळा ब्रश असावा, साबणाने धुऊन वाहत्या पाण्याखाली खळबळावेत आणि फडक्याने न पुसता हवेवर पूर्ण वाळू द्यावेत. सूचना रास्तच आहेत, कारण ओलसर कोपऱ्यांत जंतू वाढतात आणि दूध ज्याच्या पोटात जाणार ते बाळ असते. पण हे पाळायचे कुठे? आमच्या कार्यालयात यासाठी दिलेल्या खोलीत खुर्ची होती, पंखा होता, पडदा होता, नळ नव्हता. धुण्यासाठी प्रसाधनगृहातील सामाईक बेसिनपाशी जावे लागे, जिथे त्याच वेळी कोणी जेवणाचा डबा विसळत असे, कोणी हात धूत असे. धुतलेले भाग वाळायला ठेवण्याजोगी स्वच्छ जागा नव्हती, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत झडप दुपारच्या वेळेपर्यंत वाळतही नसे. दूध काढायला जितका वेळ लागे जवळजवळ तितकाच धुण्यात आणि वाळवण्यात जाई, म्हणजे पंपाचा जो मुख्य गुण, वेग, तो अशा ठिकाणी उरतच नाही. भागांचे दोन संच नेता येतात, पण मग लोकलमध्ये पिशवीचे ओझे वाढते. न धुतलेले भाग पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती काही जणी सांगतात. थंडाव्यात जंतूंची वाढ मंदावत असली तरी थांबत नाही, त्यामुळे माझे मन तिला कधी तयार झाले नाही.

हाताने दूध काढायचे तर स्वच्छ धुतलेले हात आणि रुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे काचेचे किंवा स्टीलचे भांडे एवढेच लागते, आणि ते भांडे घरी नेऊन धुता येते. पद्धत शिकावी लागते, हे खरे. अंगठा वरच्या बाजूला आणि तर्जनी खालच्या बाजूला, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे, काळसर वर्तुळाच्या कडेशी ठेवायची. आधी सरळ छातीकडे दाबायचे आणि मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबून सैल सोडायची. बोटे कातडीवरून घसरू द्यायची नाहीत आणि स्तनाग्र चिमटीत धरून ओढायचे तर मुळीच नाही, कारण त्याने फक्त दुखते. सुरुवातीला काही थेंबच येतात. मग पान्हा फुटला की धार लागते. धार मंदावली की बोटांची जागा वर्तुळाभोवती फिरवायची, तीन ते पाच मिनिटांनी दुसऱ्या बाजूकडे वळायचे आणि पुन्हा पहिल्याकडे यायचे. सगळे मिळून वीस ते तीस मिनिटे लागतात. दुधाने छाती दाटून गाठी झाल्या असतील तेव्हा हाताचा मोठा फायदा असा, की गाठ नेमकी कुठे आहे ते बोटांना कळते आणि तिच्यावर हलकी मालिश करत दूध मोकळे करता येते.

दोष नाहीत असे नाही. दोन्ही हात गुंततात. काही जणींचे मनगट, विशेषतः अंगठ्याच्या बाजूने, बाळाला उचलून आधीच दुखत असते, त्यांना हे झेपणार नाही. पहिल्या आठवड्यात कपड्यांवर दूध उडते. दुधाच्या प्रमाणाबद्दल म्हणाल तर माझ्या अनुभवात सराव झाल्यावर दोन्ही पद्धतींत जाणवण्याजोगा फरक राहिला नाही, पण हे मी मोजपट्टी म्हणून सांगत नाही. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्याचा सूर मात्र यालाच जवळचा आहे: कोणती पद्धत योग्य हे बाळंतपणाला झालेल्या काळावर, दूध काढण्याच्या उद्देशावर आणि त्या आईवर अवलंबून असते, आणि मालिश, ऊब किंवा हाताने काढणे यांसारखे बिनखर्चाचे उपाय मोठ्या विजेच्या पंपाइतके, प्रसंगी त्याहून अधिकही, उपयोगी ठरू शकतात.

किती दूध लागेल याचा अंदाज सोपा आहे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळासाठी आई दूर असलेल्या प्रत्येक तासाला साधारण ३० मिलिलिटर धरावे. दहा तासांसाठी ३०० मिलिलिटर. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की ही गरज हळूहळू कमी होते. शिवाय पुष्कळ बाळे आई घरी आल्यावर, संध्याकाळी आणि रात्री, भरपूर पिऊन दिवसाची कसर भरून काढतात. रात्रीचे पाजणे दमवणारे असले तरी ते तोडू नये, कारण दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाची पातळी रात्री अधिक असते.

दूध टिकवण्याचे नियम दोन्ही पद्धतींना सारखेच आहेत. २५ अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फाच्या पाकिटांसह बंद थंड पिशवीत २४ तास. मुंबईच्या मे महिन्यात २५ अंश ही गोष्ट फक्त वातानुकूलित खोलीत मिळते, तेव्हा दूध काढल्याबरोबर थंड पिशवीत ठेवावे. घरी जे पाजणार आहेत त्यांना एक गोष्ट आधीच नीट सांगावी लागते: हे दूध तापवायचे नाही, उकळायचे तर नाहीच. आमच्या सासूबाईंना दूध म्हटले की ते गॅसवर ठेवायची सवय; वाटी कोमट पाण्यात ठेवून दूध कोमट करायचे, वर आलेली साय हलकेच ढवळून मिसळायची, हे त्यांनी एकदा पाहिल्यावर मात्र कधी चुकवले नाही. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजले, तर संध्याकाळी बाळ अंगावर प्यायला कुरकुर करण्याची शक्यता कमी राहते.

पंप कोणी घ्यावा? जुळ्यांच्या आईने, बाळ अपुऱ्या दिवसांचे असून अजून ओढत नसेल तर तिने, मनगट दुखणाऱ्या आईने, आणि जिच्या कार्यालयात स्वतंत्र खोली, नळ आणि फ्रीज तिन्ही आहेत तिने जरूर विचार करावा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. जेन मॉर्टन यांच्या २००९ च्या अभ्यासात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांनी पंपाला हाताची जोड दिल्यावर दूध वाढल्याचे दिसले होते, म्हणजे पंप घेतला तरी हाताची पद्धत वाया जात नाही. उलट बाजूने तसे म्हणता येत नाही: वीज गेली, चार्जिंग संपले, झडप घरी राहिली किंवा गाडी ठाण्याला अडकून छाती दाटली, तर पंपावरच विसंबलेल्या आईला काही करता येत नाही.

म्हणून, सक्ती न करता, माझे सांगणे असे राहील की रजेच्या शेवटच्या महिन्यात सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर, जेव्हा दूध भरपूर असते, रोज थोडे हाताने काढण्याचा सराव करावा, आणि पंधरा दिवसांत हात बसला नाही तरच पंपाकडे वळावे. तोही शक्य असल्यास आधी भाड्याने आणावा. बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कायद्याने कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन जादा विश्रांती दिल्या आहेत. त्या वेळात दूध काढता येईल का, हे रुजू होण्यापूर्वीच कार्यालयाला लेखी विचारून ठेवावे, आणि त्याच पत्रात दिलेल्या खोलीत नळ आहे का, तेही विचारावे.