परदेशी सेमिनरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम, पुण्यातून: दोन सत्रांनंतर

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका सेमिनरीचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचा, ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक्रम मी घरून करते आहे. शिकवणं उत्तम, हे आधी सांगते. विशेषतः ग्रीक. थेट वर्ग तिकडे संध्याकाळी सातला, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचारला. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाचला. रेकॉर्डिंग मिळतं, पण खरी चर्चा थेट वर्गातच होते.

अडचण वेगळी आहे. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचा, प्राध्यापकांनी प्राचीन इतिहास म्हणून शिकवला आणि आजचं उदाहरण दिलं ते दारूचं. इकडे गणपतीचे दिवस. आरती झाली की शेजारच्या काकू मोदक घेऊन दारात उभ्या. घ्यायचा का? घेतला तर मुलांना काय सांगायचं? नाही म्हटलं तर इतक्या वर्षांच्या शेजाराचं काय? आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यावर दरवर्षी दोन तट पडतात. मी हे वर्गात मांडलं. दहाव्या अध्यायात पत्र लिहिणारा पौल म्हणतो की पुढे वाढलेलं खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. काकू तर सांगूनच देतात! मग कोरियाचा एक विद्यार्थी पितरांपुढे मांडलेल्या ताटाबद्दल बोलला आणि उरलेला तास त्यातच गेला. इतका जिवंत वर्ग दुसरा झाला नाही. प्राध्यापकांनी पुढच्या निबंधाचा विषयच बदलला, याचं मला मनापासून कौतुक आहे.

वर्गातल्या सहभागाला गुण असतात. प्राध्यापकांना नावाने हाक मारून त्यांचं मत खोडून काढणं तिकडे चांगलं समजतात. आपल्याकडून 'सर' सुटत नाही आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. सुरुवातीला माझे गुण त्यातच गेले. लेखी उत्तर चालेल का असं विचारलं, तर चाललं.

वाचनयादी मात्र खटकते. भारताचा भाग बंगालात काम केलेले जुने इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांच्यापाशीच संपतो. पंडिता रमाबाईंनी इथे केडगावात मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्याचा उल्लेखही नाही. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांच्या अभंगांवर लिहायचं ठरवलं तेव्हा फक्त इंग्रजी संदर्भ चालतील असा नियम आडवा आला. ईमेल करून, उतारे स्वतः भाषांतरित करून परवानगी मिळवली.

प्रवेश घेणार असाल तर आधी वाचनयादी मागा आणि मराठी संदर्भ चालतील का ते लेखी विचारून घ्या. आपल्या चर्चच्या पाळकांशीही (धर्मगुरूंशी) बोला, कारण प्रत्यक्ष सेवेचा अहवाल त्यांच्याच सहीने जातो.