‘टॅक्समध्ये वजा होतंय, वहिनी’

मार्च २०२३. चटणीचा सीझन. कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतल्या आमच्या दारात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीची पोती उभी, मिरची कुटायच्या डंकावर नंबर लावलेला, मी कांदा तळत होते. नेमका तेव्हा एक लायसन काढून देणारा एजंट आला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. “वहिनी, फूड लायसन नसताना चटणी विकताय? पाच लाख दंड होतो.”

दंडाला घाबरले हे खरं, पण भुलले ते त्याच्या पुढच्या बोलण्याला. “फूड लायसन, दुकानाचं शॉप ॲक्ट, छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी, तिन्हीचे मिळून १४,५००. काळजी करू नका, लायसनचा खर्च टॅक्समध्ये वजा होतंय. रिटर्न भरलं की सगळे परत.” आमच्या ह्यांनीही मान डोलावली. रोख मोजून दिले. पावती मागितली तर वहीच्या पानावर सही ठोकून दिली.

जुलैत रिटर्न भरायला कर सल्लागारांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “तुम्हाला कर बसतो का?” म्हटलं, नाही. “मग परत काय येणार?”

आमची विक्री वर्षाला नऊ लाखांच्या आसपास. एवढ्या धंद्याला तेव्हाच्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडीखाली रोख विक्रीवर किमान ८ टक्के आणि ऑनलाइन आलेल्या पैशांवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता यायचं. मिरची, तेल, डंकाची मजुरी, लायसन, सगळे खर्च त्यातच आले असं धरतात. लायसन वेगळं दाखवायला जागाच नाही. हिशेबाच्या वह्या ठेवल्या असत्या तर ती फी धंद्याचा खर्च ठरली असती, पण तीही नफ्यातून वजा होते, करातून नव्हे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याचे १४,५०० मागे २,९०० वाचतात, बाकीचे गेले ते गेलेच. त्यातही एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च धरतच नाहीत. म्हणजे रोख मागून त्यानं तीही वाट बंद केली होती.

खरा धक्का पुढं होता. तेव्हा १२ लाखांच्या आतल्या विक्रीला फूड लायसन नव्हे, नुसती नोंदणी पुरायची. फी वर्षाला १०० रुपये. उद्यम फुकट. दहाच्या आत कामगार असले की शॉप ॲक्टला तेव्हा फक्त सूचना द्यावी लागायची, तीही किरकोळ पैशात. आणि ‘पाच वर्षांचं’ म्हणून दिलेलं फूडचं सर्टिफिकेट एकाच वर्षाचं निघालं! आम्ही ते फ्रेम करून गणपतीशेजारी टांगलं होतं. तारीख कुणी वाचली?

फोन केला तर म्हणतो, “तुमच्या सल्लागाराला नवीन नियम माहीत नसतील.” नंतर उचललाच नाही. चौकीतही जाऊन आलो. वहीचं पान बघून साहेबांनी विचारलं, यावर रक्कम कुठाय?

मुदत संपायच्या आत लेकीनं मोबाइलवर पाच वर्षांची नोंदणी करून घेतली. ५०० रुपये, पोर्टलची पावती हातात.

परवा गल्लीतल्या शेवया करणाऱ्या काकूंना तसाच फोन आला. आकडा आता १८,०००, वाक्य तेच. काकूंनी फोन माझ्याकडं दिला. मी विचारलं, “सरकारी फीची पावती माझ्या नावानं देणार काय?” कट.