मायकोरायझा: बी पेरताना की रोप लावताना?

मायकोरायझा, म्हणजे पिकाच्या मुळांत राहून त्याला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी बुरशी, वापरायचा हे एकदा ठरलं की खरा घोळ पुढे सुरू होतो. दाणेदार आणून बी पेरतानाच रोपांच्या ट्रेमध्ये घालायचा, की पावडर आणून पुनर्लागवडीच्या दिवशी पाण्यात कालवून रबडी करायची आणि त्यात रोपांची मुळं बुडवायची? मी दोन्ही केलंय, टोमॅटो, मिरची आणि कांद्यावर. मोजमाप काही केलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आणि हातांनी केलेलं समजा.

दोन्हीमागचं तत्त्व एकच आहे: बुरशी मुळाला टेकली पाहिजे. तिचे बीजाणू इतर बुरशींच्या मानाने चांगलेच जाड. पाण्याबरोबर मातीतून सरसर खाली उतरत नाहीत, वाऱ्यावरही फारसे उडत नाहीत. उगवले तरी जिवंत मूळ जवळ सापडलं नाही तर तंतू थोडा वाढतो आणि थांबतो, कारण मुळातून मिळणाऱ्या साखरेवाचून तिचं चालत नाही. म्हणून वाफ्यावर वरून भुरभुरवणं मी पहिल्याच हंगामात सोडलं. फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये या जोडीला ‘बुरशी-मूळ’ अशा अर्थाचं नाव दिलं. ते नाव ध्यानात ठेवलं तरी वापराची निम्मी चूक टळते.

आधी रबडीबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. माल कमी लागतो. मुळं डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे कुठे लागलं आणि कुठे नाही ते कळतं. गादीवाफ्यातून उपटलेल्या कांद्याच्या रोपांना तर ती फारच सोयीची, जुडी धरली आणि बुडवली. रोपं विकत आणणाऱ्याला मुळं बुडवणं किंवा लावणीच्या खड्ड्यात मुळाखाली दाणे टाकणं, एवढेच मार्ग उरतात. ट्रेमधल्या रोपाचा मुळांचा गड्डा मात्र अखंड असतो. रबडी त्याच्या बाहेरच्या अंगाला लागते, आत शिरत नाही. नवी मुळं तिथूनच बाहेर पडणार असल्याने त्याने फार बिघडत नसावं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. रबडी खाली बसते. बादलीत पावडर कालवली, छान दाटसर झाली, पहिला ट्रे बुडवून घेतला आणि लावायला वाकलो. दुसऱ्या ट्रेसाठी परत आलो तर वर निवळ पाणी आणि तळाला बोटभर गाळ. पुन्हा ढवळा. हाताला चिखल, काठी कुठेतरी सरीत पडलेली, म्हणून हातानेच ढवळा. ऊन उतरल्यावर लावणी करायची म्हणजे हाताशी वेळ तेवढाच, त्यात चार-चार रोपांमागे ढवळत कोण बसणार? एकदा मी नाद सोडला आणि तसंच उरकलं. त्या दिवशी पहिल्या रोपांना गढूळ पाणी मिळालं आणि शेवटच्यांना मुळांवर चिखलाचा थर. बीजाणू ज्यात मिसळलेले असतात ती वाहक पावडर जड, बीजाणूही जड, त्यामुळे कुणाच्या वाट्याला काय आलं हे सांगता येईना. त्यात ओल्या हाताने पाकीट उघडलं होतं. उरलेल्या पावडरचा दोन दिवसांत गोळा झाला.

त्यानंतर मी दाणेदारकडे वळलो. कोकोपीटने (नारळाच्या काथ्याच्या भुशाने) ट्रेचे कप अर्धे भरायचे, प्रत्येकात चिमूटभर दाणे, वर थोडं कोकोपीट, मग बी. सावलीत बसून, कोरड्या हातांनी. उगवणारं मूळ खाली जाताना त्या थरातूनच जातं. कोकोपीटमध्ये ही बुरशी सहसा नसते, त्यामुळे इथे दिलेल्याचं चीज होतं. रोप शेतात जाईपर्यंत तिला तीन-चार आठवडे मिळतात, रबडीत तो वेळ लावणीनंतर सुरू होतो. मला फरक सगळ्यात जास्त कांद्यात दिसला. कांद्याची मुळं जाड, त्यांवर केसमुळं फार कमी, म्हणून स्फुरद ओढायला त्याला बुरशीचा आधार जास्त लागतो. लावल्यावर माना टाकण्याचे दिवस कमी झाले असं मला वाटलं. अर्थात त्या हंगामात लावणीनंतर आभाळही होतं, तेव्हा सगळं श्रेय दाण्यांना द्यायला मी तयार नाही.

दाणेदारच्या अटी मात्र कडक आहेत. रोपं कोलमडू नयेत म्हणून ट्रेमध्ये कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करत (पाण्यातून मुळाशी ओतत) असाल तर तीच आळवणी या बुरशीलाही भोवते. ती सवय सुटणार नसेल तर शेवटच्या आळवणीनंतर काही दिवस जाऊ देऊन रबडीच करा. मिश्रणात स्फुरद भरपूर घातलं तर रोप बुरशीला फारसं जवळ करत नाही. पोट भरलेलं असताना पाहुण्याला साखर कोण वाटेल! आणि कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांवर दोन्ही प्रकार वाया जातात, या कुळांशी तिची सोयरीकच होत नाही. मी फ्लॉवरच्या दोन ट्रेमध्ये इमानेइतबारे दाणे घालून मग हे शिकलो.

एक जाता जाता. ट्रेच्या तळाला पांढरी जाळी दिसली की ‘मायकोरायझा लागला’ म्हणून आनंदू नका. भाजीपाल्याच्या मुळांतली ही बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. ती जाळी बहुधा कुजकं खाणाऱ्या एखाद्या बुरशीची असते.

मका, घेवडा, भोपळा यांसारखं थेट पेरायचं मोठं बी असेल तर दाणे बियाखालीच टाकावेत. पावडर चोळलेली निम्मी हातालाच राहते.

पावडरचं एक लहान पाकीट मी अजूनही ठेवतो, कोरड्या डब्यात, सावलीला. ट्रेमधली रोपं कमी पडली की बाहेरून आणावी लागतात, तेव्हा ते निघतं. मात्र आता घरातलं कुणीतरी सोबत आल्याशिवाय बादली भरत नाही. एकाने फक्त ढवळायचं, दुसऱ्याने बुडवून लावायचं. ढवळण्याचं काम मी घेत नाही.