ठाणे कोर्टाजवळचं वकील मॅडमचं ऑफिस, नोकरीच्या भानगडींसाठी नक्की जा

माझ्या नवऱ्याने महापेच्या एका कंपनीतली नोकरी सोडली तर एचआरवाले म्हणाले राजीनामा तुम्हीच दिलाय मग ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम) कसली, आणि आम्हाला ते खरंच वाटलं कारण आजूबाजूचे पण तेच सांगत होते. शेजारच्या काकांनी या मॅडमकडे पाठवलं. त्यांनी सॅलरी स्लिपा आणि अपॉइंटमेंट लेटर शांतपणे वाचलं आणि लगेच म्हणाल्या, सलग 5 वर्षं झाली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी हक्काची. हिशोब पण आमच्यासमोर कागदावर मांडून दाखवला, शेवटचा महिन्याचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), ही बेरीज गुणिले 15 भागिले 26 गुणिले नोकरीची वर्षं, आणि शेवटच्या वर्षात 6 महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचं. कंपनीने 30 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर केला तर व्याज लागतं हेही तिथेच कळलं.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे लगेच केस टाका असं नाही म्हणाल्या, आधी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नाही ऐकलं तर पुढे कामगार खात्यात जाऊ. अर्ज गेल्यावर कंपनीची भाषाच बदलली हो, पैसे आले खात्यात!

फी आधीच स्पष्ट सांगतात. बसायला जागा अगदीच कमी आणि दुपारी फोन उचलत नाहीत म्हणून एक स्टार कमी. जाताना ऑफर लेटर, स्लिपा, पीएफचं पासबुक सगळं घेऊन जा.