छोटा प्लेअर, छोटा स्पीकर: वायर की ब्लूटूथ?

खिशात मावेल असा म्युझिक प्लेअर आणि एका हातात उचलून नेता येईल असा स्पीकर, दोन्ही घरात आले की प्रश्न उरतो जोडणीचा. मोबाईल असताना वेगळा प्लेअर कशाला, हा वाद बाजूला ठेवतो. बंदिश रंगात आलेली असताना मध्येच फोन वाजू नये, एवढं कारण मला पुरतं. मी दोन्ही प्रकारे ऐकलंय, अजूनही ऐकतो. त्यातून जे जाणवलं ते सांगतो. तुमचे कान, तुमचा स्पीकर वेगळा असू शकतो.

आधी ब्लूटूथचं देणं देऊन टाकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात रात्री गच्चीवर पाणी मारून खाट टाकली, स्पीकर कठड्यावर ठेवला आणि प्लेअर उशाशी घेऊन पडलो की वायर नसण्याचं सुख कळतं. कुठल्याही बाजूला वळा, काही ओढलं जात नाही. आवाज दबतो म्हणतात ते खोटं नाही. एमपी3 गाणं प्लेअर आधी उलगडतो आणि ब्लूटूथसाठी पुन्हा दाबून पाठवतो, त्यात थोडं हरवणारच. पण तळहाताएवढ्या स्पीकरवर तो फरक मला क्वचितच ओळखू आला, आणि खोलीत कूलर सुरू असेल तर मुळीच नाही. त्यामुळे केवळ आवाजाच्या दर्जासाठी ब्लूटूथ नाकारू नये असं मला वाटतं.

मला खटकलं ते दुसरंच. ब्लूटूथ गाण्याची सुरुवात गिळतो.

एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या शांततेत काही प्लेअर आवाज पाठवणंच थांबवतात, तर काही स्पीकर बॅटरी वाचवायला आतला अॅम्प्लिफायर बंद करतात. पुढचं गाणं सुरू झालं की हे सगळं जागं व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढ्या क्षणाचं गाणं ऐकायला मिळतच नाही. सिनेमाच्या गाण्यात हे चालून जातं, तिथे आधी वाद्यमेळ असतो. पण आमच्याकडे सकाळी बाबांसाठी खंजिरी भजनं लागतात. त्यातली कितीतरी थेट शब्दावर किंवा थेट थापेवर उघडतात. वायर लावली की पहिली थाप खणखणीत येते, मागची झांज थरथरताना ऐकू येते. तेच भजन, तोच प्लेअर, तोच स्पीकर ब्लूटूथवर घेतला की थाप गेलेली असते आणि नुसती झांजेची शेपटी उरते. शब्दावर उठणारं भजन असेल तर पहिला शब्द अर्धाच कानावर पडतो. बाबांना ही भजनं तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्यांना ते दर वेळी खटकतं.

ख्यालात हेच जास्त बोचतं. विलंबित आलापात गायक मंद्र सप्तकात उतरून अगदी हळू बोलतो, तेव्हा माझ्या स्पीकरला ती शांतताच वाटत असावी. तो मध्येच गप्प होतो आणि स्वर जरा चढला की पुन्हा उघडतो. शेवटी विरत जाणारा तानपुरासुद्धा विरत नाही, कापला जातो. सगळे स्पीकर असं करतात असा माझा दावा नाही, महागातल्या काहींत हे जाणवणारही नाही. प्रत्येक गाण्याआधी रिकाम्या आवाजाची फाइल घालण्याचा उपाय आहे, पण क्रम बदलून ऐकायचं म्हटलं की तो निकामी ठरतो. या एका गोष्टीसाठी मी घरात वायरकडे आलो.

वायरची कटकट नाही असं नाही. पिनेच्या मानेजवळ ती आतून तुटते, मग एका बाजूचा आवाज जातो किंवा खरखर सुरू होते. म्हणून काटकोनी पिनेची, वीतभर लांबीची वायर घ्यावी. नागपुरात बर्डीच्या बाजारात सहज मिळते. आवाजाची बटणं दोन होतात. प्लेअर पाऊण भागावर ठेवायचा आणि कमीजास्त स्पीकरवर करायचं, हे माझ्या कानाला बरं वाटलं. प्लेअर आणि स्पीकर एकाच चार्जरवर लावून वायर जोडली तर मागे घुंऽऽ असा आवाज येऊ शकतो. दोघांपैकी एकाला चार्जिंगवरून काढलं की बहुधा तो जातो. मे महिन्यातली धूळ पिन खोचायच्या भोकात बसते, तेव्हा वापर नसताना झाकण लावून ठेवा.

खरी अडचण बाजाराची आहे. नव्या स्पीकरांतून वायरच्या पिनेचं 3.5 एमएमचं भोक नाहीसं होत चाललंय. जेबीएलच्या फ्लिप 4 ला ते होतं, 2019 मध्ये आलेल्या फ्लिप 5 ला नाही. चार्ज 4 ला होतं, चार्ज 5 ला नाही. उलट जुन्या प्लेअरांची गत. अॅपलच्या आयपॉड शफलला ब्लूटूथ कधीच नव्हतं, आयपॉड नॅनोला ते आलं 2012 च्या सातव्या पिढीत, आणि 2017 मध्ये दोन्ही बंद झाले. घरात शफल असेल तर स्पीकर भोक असलेलाच शोधा. पिनेत खोचायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो, पण चार्ज करायला आणखी एक वस्तू होते आणि सुरुवात गिळण्याचा त्रास तसाच राहू शकतो. मेमरी कार्ड थेट स्पीकरमध्ये घालण्याचा पर्याय स्वस्त आहे खरा. मात्र पडदा नसल्याने हवं ते गाणं गाठेपर्यंत बटण दाबत बसावं लागतं.

फुटाळा तलावावर फिरायला नेणार असाल, चार जणांत सिनेमाची गाणी लावणार असाल, तर ब्लूटूथच घ्या, वायरीत अडकू नका. भजन, ख्याल, गझल असं सुरुवातीपासून ऐकायचं असेल तर मी वायर म्हणेन. आणि दोन्ही सोयी असलेला स्पीकर मिळत असेल तर चार पैसे जास्त गेले तरी तोच घ्यावा.

दुकानात जाताना आपला प्लेअर आणि वायर सोबत न्या. दुकानदार लावतो ते दणदणीत गाणं ऐकून ठरवू नका. हळू उघडणारं एखादं आपलं गाणं लावा, थांबवा, थोडा वेळ जाऊ द्या, पुन्हा पहिल्यापासून लावा. प्लेअरला जाड कव्हर असेल तर ते चढवूनच पिन बसवून बघा, कारण कव्हरमुळे पिन पूर्ण आत गेली नाही तर आवाज एकाच बाजूने येतो.