दहा दिवस गप्प बसून मोंढ्यात परत आलो

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमची आडत आहे; शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचा. सोयाबीनच्या हंगामात दिवसभर गलका, आणि त्यात माझाच आवाज सगळ्यात मोठा. बीपीची गोळी सुरू झाली तसा मेव्हण्याने मला न विचारता विपश्यनेच्या शिबिराचा, म्हणजे दहा दिवस मौनात ध्यान करण्याचा, फॉर्म भरून टाकला. उन्हाळ्यात मोंढा थंड असताना जाऊन आलो. केंद्राचं नाव लिहीत नाही. शिकवण सगळीकडे एकच असते, गाद्या तेवढ्या एकसारख्या नसाव्यात अशी आशा आहे.

फी एक रुपया नाही. राहणं-खाणं आधीच्या साधकांच्या दानातून. शिबिर पूर्ण न करणाऱ्याचं दान घेतही नाहीत. मी पडलो व्यापारी, पहिले दोन दिवस यात गोम काय हेच शोधत होतो. सापडली नाही.

मोबाइल, वही, पेन जमा. पहाटे चारला घंटा. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नव्यांना चहा, चुरमुरे, फळ. मग थेट सकाळी. भाजी इतकी बिनतिखटाची, की तिसऱ्या रात्री स्वप्नात ठेचा आला. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. माझा श्वास राहायचा बाजूला, डोकं उधारीच्या वहीत. चौथ्या दिवसापासून खरी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघायच्या, आणि तासभर न हलता बसायचं. गुडघे बोंबलतात. मी खुर्ची मागितली, मिळाली. लाजू नका.

रात्री या शिबिरांचे गुरू गोएंकाजी यांचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन. तेही मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी. मायग्रेनला कंटाळून तिथले विपश्यनेचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि 1969 मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. हिशेबी माणसाचं बोलणं मला लगेच पटलं.

आता उपयोगाचं. दिवाळीच्या आधी एका शेतकऱ्याचं सोयाबीन आलं, मीटरवर ओलावा 16 टक्के, म्हणजे भाव कमी. तो म्हणाला, "मशीन खोटं हाय तुमचं, शेठ!" एरवी मी त्याची सात पिढ्यांची उजळणी केली असती. या वेळी कान तापलेले कळले. आधी कान तापतात, मग दात आवळतात, मग तोंड सुटतं, हा माझाच क्रम मला पन्नाशीत कळला. कानावरच थांबलो. शेजारच्या आडतीतून मीटर मागवलं. त्यावर साडेपंधरा. दोघंही गप्प. पोती टेम्पोत चढवून तो गेला, पुढं कुणाकडे घातली देव जाणे.

रोज सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात. माझी शटर उघडायच्या आधी वीस मिनिटं होतात, तीही हमाल येईपर्यंत. बायकोचं म्हणणं, मोंढ्यातला आवाज कमी झाला, पण पोराच्या मोबाइलवरून घरात तसाच आहे. खरं आहे.

पाचपैकी चार. हंगामात जाऊ नका, मन दुकानातच राहतं. मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर फॉर्मवर लपवू नका. घरची सतरंजी सोबत न्या. आणि परत आल्यावर पहिला ठेचा जपून खा, मी दोन दिवस भोगलंय.