आईला दिलेलं नॅब-पॅक्लिटॅक्सेल आणि त्याआधीचं लोहकणांचं इंजेक्शन, आमचा अनुभव

आईच्या ब्रेस्ट कॅन्सरच्या ट्रीटमेंटमध्ये नॅनोकण दोनदा आले, एकदा ऑपरेशनच्या आधी काखेतला नोड (लसीका ग्रंथी) शोधायला आणि नंतर केमोमध्ये. तेव्हा मी रात्र रात्र जागून वाचत होते पण मिळायचं काय तर एकतर "फक्त कॅन्सरच्याच पेशी मारणारं औषध" अशी जाहिरातीची भाषा नाहीतर नुसते तक्ते, पेशंटच्या खुर्चीशेजारी बसणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं काहीच नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी इंजेक्शनचं सांगते. गाठीतून निघालेल्या पेशी काखेतल्या ज्या नोडमध्ये सगळ्यात आधी पोचतात तो सेंटिनल नोड, तो काढून तपासला आणि साफ निघाला तर बाकीचे नोड काढायची बहुतेक वेळा गरज नसते, आणि ते वाचले की हाताला कायमची सूज यायचा धोका बराच कमी होतो. हा नोड शोधायला बरेच ठिकाणी टेक्नेशियम वापरतात पण ते किरणोत्सारी, दर सहा तासांनी निम्मं होतं, त्यामुळे वेळेचं गणित जुळवावं लागतं. आईला त्याऐवजी आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण टोचले. ते लिम्फमधून (लसीकेतून) वाहत जाऊन नोडमध्ये अडकतात आणि सर्जन चुंबकीय प्रोब फिरवून नोड नेमका कुठे आहे ते शोधतात, नोडही बहुधा काळपट तपकिरी झालेला असतो त्यामुळे डोळ्यालाही दिसतो. प्रोब लावताना जवळ धातूची हत्यारं चालत नाहीत, त्यासाठी प्लॅस्टिकची वेगळी वापरतात. आमचं काम चोख झालं, नोड साफ निघाला. तक्रार एकच, टोचलं त्या जागी कातडीवर तपकिरी डाग पडलाय तो महिनोन्‌महिने राहतो, आणि त्या भागाचा पुढे एमआरआय करायचा झाला तर या लोहामुळे चित्र बिघडू शकतं. हे आम्हाला नंतर कळलं, टोचायच्या आधी विचारून घ्या आणि फाइलवर ठळक लिहून घ्या.

आता केमो. आठवड्याला एक असे १२ डोस ठरले होते आणि पहिला साध्या पॅक्लिटॅक्सेलचा. आधी स्टिरॉइड दिलं, अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन दिलं, तरी सलाइन सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील तोच आईचा चेहरा लालबुंद, छाती आवळल्यासारखी, "मला श्वास घेता येईना गं" एवढंच बोलली. सिस्टरनी ताबडतोब बंद केलं. तो दिवस मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की अशा रिअ‍ॅक्शनमागे बहुतेक वेळा औषधापेक्षा त्याचं द्रावण असतं. पॅक्लिटॅक्सेल मुळात यू झाडाच्या सालीतून सापडलेलं, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या क्रेमोफोरमध्ये आणि अल्कोहोलमध्ये मिसळून देतात. नॅब-पॅक्लिटॅक्सेल, थोडक्यात नॅब, हा त्याच औषधाचा नॅनोकणांचा प्रकार. त्यात ते द्रावणच नाही, औषध अल्ब्युमिनला, म्हणजे आपल्या रक्तात असतं त्याच प्रथिनाला बांधलेलं, कण साधारण १३० नॅनोमीटरचे. माणसाचा केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड धरतात, त्यावरून अंदाज करा. अमेरिकेत याला २००५ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरसाठी मान्यता मिळाली, म्हणजे कालपरवा आलेलं प्रायोगिक औषध नाहीये.

पुढचे ११ डोस नॅबचे झाले. रिअ‍ॅक्शन एकदाही नाही. अर्ध्या तासात सलाइन संपायचं. पहिल्या वेळी काळजी म्हणून आधी थोडं स्टिरॉइड दिलं, नंतर तेही बंद केलं, आणि आईला डायबेटिस असल्यामुळे आमच्यासाठी हा फार मोठा फायदा ठरला कारण स्टिरॉइडनंतर दोन दिवस तिची शुगर आवरायची नाही.

पण नॅनो म्हटलं की नेम धरून गाठीवरच जाणार ही समजूत मनातून काढून टाका. हे कण रक्तात गेले की लवकरच सुटे होतात, औषध सगळ्या अंगभर फिरतं. आईचे केस गेले, पांढऱ्या पेशी उतरल्या, एक डोस आठवडाभर पुढे ढकलावा लागला. एकूणच नॅनोकणांवर झालेल्या दहा वर्षांच्या अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये आला होता, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग, त्यात टोचलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा भाग मध्यक (मीडियन) काढला तर ०.७ टक्के निघाला. हे वाचून मी हादरले होते. पण आमच्यापुरतं बघायचं तर या औषधाने आईला जे दिलं ते क्रेमोफोर काढून टाकल्यामुळे दिलं, आणि तेवढ्यानेही तिची ट्रीटमेंट पूर्ण होऊ शकली.

सगळ्यात त्रास दिला तो हातापायांना येणाऱ्या मुंग्यांनी. सहाव्या डोसनंतर बोटांची टोकं बधिर, मग तळपाय. ब्लाउजचे हुक लागेनात, सुईत दोरा ओवता येईना, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. मान्यतेमागच्या ट्रायलमध्ये गाठ लहान होण्याचं प्रमाण नॅबमध्ये ३३ टक्के आणि साध्यामध्ये १९ टक्के होतं, पण नसांचा गंभीर त्रासही १० टक्के विरुद्ध २ टक्के होता, आणि तिथे नॅबचा डोसच जास्त होता हे लक्षात घ्यायला हवं. आई डॉक्टरांना "थोडंसं होतंय" एवढंच सांगायची, मी हुकांचं सांगितलं तेव्हा कुठे त्यांनी डोस कमी केला. तेव्हा "मुंग्या येतात" एवढ्यावर थांबू नका, काय करता येईनासं झालंय ते सांगा.

आणि एक गोष्ट, ही कृपा करून नीट वाचा. आठव्या डोसला डे-केअरमध्ये सिस्टर पिशवी लावायला आल्या आणि आई म्हणाली, "अहो सिस्टर, आज ही एवढी मोठी कशी? आणि पाण्यासारखी?" कारण नॅब दुधासारखं पांढुरकं असतं आणि आईच्या डोसची पिशवी छोटीशीच, ३० मिलीच्या आसपास. तपासलं तर साधं पॅक्लिटॅक्सेल तयार होऊन आलं होतं, कॉम्प्युटरवरच्या ऑर्डरमध्ये नुसतं 'पॅक्लिटॅक्सेल' निवडलं गेलं होतं. दोन्हींचे डोस वेगळे, एकाच्या जागी दुसरं चालत नाही, आणि आईच्या बाबतीत तर काय झालं असतं याचा विचारही नको वाटतो. चूक मान्य केली त्यांनी, नवीन तयार करून दिलं, पण त्यातही फेस झाला म्हणून तो बसेपर्यंत थांबावं लागलं, हे औषध हलवायचं नसतं, हळूच फिरवायचं असतं. त्यानंतर प्रत्येक वेळी मी लेबलवर 'अल्ब्युमिन' शब्द वाचल्याशिवाय सलाइन सुरू करू दिलं नाही.

लोहकणांना पाचपैकी साडेचार, नॅबला चार. साधं पॅक्लिटॅक्सेल ज्यांना सोसतंय त्यांनी नुसत्या नॅनो शब्दासाठी बदलायची घाई करू नये, डॉक्टरांशी बोला. रिअ‍ॅक्शन आली असेल किंवा स्टिरॉइड चालत नसेल तर मात्र हे नक्की विचारा. शेवटचा डोस होऊन आता चौथा महिना, बोटं बरीच सुधारलीत, हुक स्वतः लावते, तळपाय अजून बधिर आहेत, डागही आहे.